कुठे पडले, हे कशाला हवं?

पुतणी : काका, वेस्ट ब्लॉकमध्ये संरक्षण मंत्रालयाचा इतिहास विभाग आहे आणि दुसऱ्या महायुद्धातल्या हिंदी पलटणींचे कागद तिथे ठेवलेले आहेत, हे तुम्हाला माझ्या कितीतरी आधीपासून ठाऊक होतं. तुमची अख्खी नोकरी आर. के. पुरममध्ये गेली. क्वार्टर तिथलंच, ऑफिस तिथलंच. सख्खे चुलते १९४४ साली मणिपूरच्या आघाडीवर गेले ते परत आले नाहीत, ते कुठे पडले हे सांगू शकतील असे कागद पायी जाण्याच्या अंतरावर, आणि तरी तुम्ही कधी अर्ज केला नाहीत. मी दोष देत नाही. पण आता अर्ज मी करणार आहे, म्हणून तुमचं म्हणणं आधी ऐकायचं आहे.

काका : अर्ज केला नाही तो आळसानं नाही, विचार करून. तात्या गेले तेव्हा माझा जन्मही नव्हता, पण काकी होत्या. मी त्यांच्याच हाताखाली वाढलो. ‘बेपत्ता, बहुधा मृत’ अशी तार आली, ती मास्तरांनी वाचून दाखवली. काही महिन्यांनी पेन्शनचे कागद आले. काकींनी मंगळसूत्र उतरवलं, सासूबरोबर शेतात जायला लागल्या, आणि पुढे मरेपर्यंत त्यांनी तात्यांविषयी कुणाला एक प्रश्न विचारला नाही. ज्यांचा नवरा गेला त्यांनी जो विषय मिटवला, तो उघडण्याचा हक्क मला पोचतो असं मला कधी वाटलं नाही. तुला तर त्याहून पोचत नाही. तू तात्यांना पाहिलं नाहीस, मीही नाही. ज्यांनी पाहिलं त्यांच्यातलं आज कुणी नाही. तर मग हा शोध कुणासाठी? त्यांच्यासाठी म्हणशील तर त्यांना तो नको आहे. स्वतःसाठी म्हणशील तर तसं मोकळेपणानं म्हण. स्वतःच्या कुतूहलाला पितृऋणाचं नाव देऊ नकोस, एवढंच माझं म्हणणं आहे.

पुतणी : काकीआजींनी विचारलं नाही, की विचारायला कुणी नव्हतं? तार इंग्रजीत, कागद इंग्रजीत, रेकॉर्ड ऑफिस बेळगावला. विशीतली विधवा बाई, सही करता येत नाही, पेन्शनसाठी अंगठा उठवायचा. ती कुणाला विचारणार होती? तिच्या गप्प राहण्याला तुम्ही तिचा निर्णय समजता, मला तो तिचा नाइलाज वाटतो. आणि जागा न कळणं, देह न दिसणं म्हणजे काय, हे मराठी घरांना नव्यानं सांगायला नको. १४ जानेवारी १७६१ला सदाशिवरावभाऊ पानिपतावर गर्दीत दिसेनासे झाले. त्यांचा देह ओळखला गेला, त्याला अग्नी दिला, असं सांगणारे होते, पण पार्वतीबाईंनी ते मानलं नाही. त्या असेपर्यंत त्यांनी वैधव्य घेतलं नाही अशी परंपरा आहे. पेशव्यांच्या घरात, सगळी हेरखाती हाताशी असताना, एका बाईला खात्रीचं उत्तर मिळालं नाही. मला काकीआजींच्या जागी उभं राहून विचारायचं आहे. उशिरा का होईना.

काका : पानिपताचं नाव तू काढलंस, तर गोष्ट पुरी सांग. पार्वतीबाईंच्या त्या न मानण्यातूनच पुढे काय झालं? भाऊंचा तोतया निघाला. लोकांना भाऊ हवेच होते, म्हणून त्यांना तो खरा वाटला. त्याला कैदेत ठेवलं, तो सुटला, कोकणात त्याच्याभोवती फौज गोळा झाली, गडकऱ्यांनी किल्ले त्याच्या हवाली केले, आणि १७७६ साली पुण्यात त्याला देहान्त शासन झालं तेव्हा ते प्रकरण संपलं. जाणती माणसंसुद्धा त्याला भुलली. मला भीती आहे ती याची. शोधणाऱ्याला सापडायला हवंच असतं, आणि मग जे सापडेल त्याला तो आपलं म्हणतो. उद्या एखादा वाटाड्या तुला डोंगरावरची एखादी जागा दाखवील, ‘इथंच मराठा पलटणीचे खंदक होते’ म्हणेल, आणि तू तिथं फुलं वाहशील. ते तात्या असतील कशावरून? दगडाचा तोतया माणसाच्या तोतयाइतकाच वाईट.

पुतणी : म्हणून तर मी वाटाड्यापासून सुरुवात करत नाही, कागदापासून करते. काय माहीत आहे ते आधी सांगते. कॉमनवेल्थ वॉर ग्रेव्हज कमिशनच्या यादीत तात्याआजोबांचं नाव आहे. पलटण ४/५ मराठा, म्हणजे पाचव्या मराठा लाइट इन्फन्ट्रीची चौथी बटालियन. नाव आहे रंगून मेमोरियलवर. हे स्मारक म्यानमारमध्ये तौक्यान इथे, रंगूनच्या उत्तरेला. ज्यांना ज्ञात समाधी नाही अशा जवळपास २७,००० जणांची नावं तिथल्या खांबांवर आहेत. पण ४/५ मराठा मार्च १९४४मध्ये ब्रह्मदेशात नव्हती. ती मणिपुरात होती, उखरुलच्या बाजूला, ५०व्या हिंदी पॅराशूट ब्रिगेडच्या दिमतीला. २२ ते २६ मार्च ती सांगशाक नावाच्या डोंगरावर जपान्यांशी लढली. म्हणजे माणूस पडला भारताच्या आजच्या हद्दीत आणि त्याचं नाव परदेशात. आपल्या घरातल्या कुणालाही हे ठाऊक नव्हतं. ‘ब्रह्मदेशात गेले’ एवढंच आपण पिढ्यान्‌पिढ्या सांगत आलो.

आणि त्या डोंगराविषयी मी जे वाचलं ते मला झोपू देत नाही. माथ्यावर पाणी नव्हतं. खाली कातळ, त्यामुळे खोल खंदक खणता येईना. विमानांतून टाकलेलं पाणी आणि दारूगोळा बराचसा शत्रूच्या बाजूला जाऊन पडला. मेलेल्या माणसांना आणि खेचरांना पुरण्याइतकी माती नव्हती. २६च्या रात्री उरलेल्यांना हुकूम मिळाला, बाहेर पडा. चालता येणारे जंगलातून इंफाळकडे निघाले, आणि ज्यांना हलवणं शक्य नव्हतं असे जखमी मागे राहिले. यादीत तात्याआजोबांची तारीख २६ मार्च आहे. माझा संशय असा की ज्यांचा पत्ता लागला नाही त्या सगळ्यांना निघण्याच्या रात्रीची तारीख लावली गेली. ते पहिल्या दिवशी गेले की शेवटच्या? गोळी लागून गेले, की जखमी होऊन मागे राहिले? पलटणीच्या वॉर डायरीत याचं काहीतरी मिळेल.

काका : काय मिळेल ते मी सांगतो. मी इतिहासकार नाही, पण सरकारी कागद आयुष्यभर वाचलेत. वॉर डायरी पलटणीचा अ‍ॅड्ज्युटंट लिहितो, वरच्या हेडक्वार्टरसाठी. तिच्यात अधिकाऱ्यांची नावं असतात. शिपाई येतो तो ‘आय.ओ.आर.’, म्हणजे ‘इंडियन अदर रँक’ म्हणून, आणि त्याच्यापुढे आकडा. मेले इतके, जखमी इतके, बेपत्ता इतके. तुझ्या हाती फार तर ‘२४ मार्च, बेपत्ता अमुक’ असं लागेल, आणि त्या अमुकात आपले तात्या आहेत की नाहीत हे तू ठरवणार. शिवाय ज्या पलटणीनं रात्री डोंगर सोडला तिचे कागद त्या डोंगरावर नीट लिहिले गेले असतील, की इंफाळला पोचल्यावर आठवून? तू कागदाला साक्षीदार समजतेस. तो साक्षीदारही त्या रात्री जीव वाचवत पळत होता.

पुतणी : मान्य. आकडाच मिळेल. पण हा आकडा आपोआप पडलेला नाही, काका. माणसाचं नाव लिहायचं की त्याला मोजायचं, हे प्रत्येक वेळी कुणीतरी ठरवलेलं असतं. कोरेगावच्या रणस्तंभाची कोनशिला १८२१ची. त्यावर कंपनीच्या फौजेतल्या मेलेल्या ४९ जणांची नावं आहेत, साध्या शिपायांचीसुद्धा. त्यांतली २२ नावं ‘नाक’ लागलेली, म्हणजे महार शिपायांची. ती दगडावर होती म्हणून १ जानेवारी १९२७ला बाबासाहेब तिथे जाऊ शकले आणि आज लाखो लोक जातात. त्याच इंग्रजांनी शंभरएक वर्षांनी, १९२९ साली, बसऱ्याला स्मारक उभं केलं. मेसोपोटेमियात गेलेल्या चाळीस हजारांवर माणसांचं. कुत-अल-अमाराच्या वेढ्यात सहावी पूना डिव्हिजन अडकली होती, तिच्यात १०३, ११० आणि ११७ अशा तीन मराठा पलटणी होत्या. २९ एप्रिल १९१६ला ती शरण गेली. आपले शिपाई बगदादवरून उत्तरेला चालवत नेले गेले, रेल्वेच्या कामावर जुंपले गेले, आणि किती वाटेत संपले त्यांना ना चिता ना माती. बसऱ्याच्या दगडावर गोऱ्यांची नावं आहेत, हिंदी अधिकाऱ्यांची आहेत, आणि हिंदी शिपायांच्या जागी प्रत्येक पलटणीखाली ‘आणि आणखी इतके शिपाई’. २०२१ साली वॉर ग्रेव्हज कमिशननंच नेमलेल्या समितीनं हे मान्य केलं. पहिल्या महायुद्धातल्या किमान १,१६,००० जणांचं, बहुतेक आफ्रिका आणि पश्चिम आशियातल्या आघाड्यांवरच्या, नावानं स्मरण झालंच नाही असा त्यांचा अंदाज आहे. हा आकडा साडेतीन लाखांपर्यंत जाऊ शकतो असंही त्यांनी लिहिलं. कमिशननं माफी मागितली. ती माफी शंभर वर्षं उशिरा आली, कारण शंभर वर्षं कुणी मागितली नव्हती.

काका : कोरेगावचं उदाहरण माझ्या मनात घर करील, ते मी बाजूला टाकत नाही. पण तुझ्याच तोंडून निघालं बघ. तिथं लोकांना बळ दिलं ते नावानं. कुणाला कुठल्या चितेवर ठेवलं, कुठल्या नाल्याकाठी पुरलं, हे तिथं कुणी शोधत नाही. तर नाव एक आणि जागा एक. नावाची लढाई मी समजू शकतो. पण जागेची ओढ ही आपली नव्हे, ती समाधी बांधणाऱ्यांकडून आपल्याकडे आली. आपण माणसाला अग्नी देतो, राख पाण्यात सोडतो आणि मागे काही ठेवत नाही. कोहिमाच्या वॉर सिमेट्रीत १,४२० कबरी आहेत, आणि ज्यांचं दहन झालं त्या ९१७ हिंदू-शीख सैनिकांसाठी वेगळं दहनस्मारक. इंफाळलाही तसंच. तिथं गेलं तर दिसतं काय? नावांचा फलक. देह कुठे जाळला हे सांगणारी खूण नाही, आणि त्यात कुणाचा अपमानही नाही, कारण आपला धर्म तसाच आहे. देह सापडला नाही तर काय करायचं हेही आपल्या पूर्वजांनी ठरवून ठेवलं आहे. पळसाच्या पानांचा देह करून त्याला अग्नी द्यायचा, पालाशविधी. युद्धात, पुरात, परदेशी गेलेल्यांसाठीच तो आहे. आपल्या आजोबांनी तात्यांचा तो केला होता. मी लहानपणी घरात ऐकलं आहे. आपल्या दृष्टीनं तात्यांना अग्नी मिळाला, गावच्या ओढ्याकाठी मिळाला. आता सांगशाकला त्यांचं काय राहिलं?

पुतणी : राहिली ती तिथी, काका. धर्माचंच बोलायचं तर तिथीचं बोलू. श्राद्ध तिथीवर होतं. आपल्या घरात तात्याआजोबांचं श्राद्ध कधी करतात? सर्वपित्रीला, सगळ्यांबरोबर. तिथी माहीत नाही म्हणून. शस्त्रानं गेलेल्यांसाठी भाद्रपद वद्य चतुर्दशी राखून ठेवलेली आहे, पंचांगात तसं छापलेलं असतं, पण आपल्याकडे तीही कधी पाळली गेली नाही, कारण ते शस्त्रानं गेले की तापानं, हेसुद्धा नक्की नव्हतं. आता १९४४चं पंचांग काढा. सांगशाकची लढाई चालू असतानाच गुढीपाडवा होता, २५ मार्चला. तेव्हा तात्याआजोबा २३ला गेले असतील तर फाल्गुन वद्य, शके १८६५. २६ला गेले असतील तर चैत्र शुद्ध, शके १८६६. दोन-तीन दिवसांच्या फरकानं महिना बदलतो, पक्ष बदलतो, शक बदलतो. इकडे काकीआजींनी दारात गुढी उभारली त्या सकाळी नवरा होता की नव्हता, हा माझ्या कुतूहलाचा प्रश्न नाही. तुम्ही म्हणता धर्मानं सगळं ठरवून दिलं. धर्मानं विधी दिला, पण माहिती मिळवायचं काम माणसावर ठेवलं. ते आपण केलेलंच नाही.

काका : पाडव्याचं मला ठाऊक नव्हतं.

पण तुला एक अवघड गोष्ट विचारतो, रागावू नकोस. ते युद्ध कुणाचं होतं? पंचवीस लाख हिंदी माणसं त्यात भरती झाली, स्वखुशीनं म्हणतात. १९४२-४३ साली साताऱ्याकडच्या कोरडवाहू गावातला पोरगा ‘स्वखुशीनं’ भरती होतो म्हणजे काय, हे तू समज. त्याच साताऱ्यात तेव्हा पत्री सरकार उभं राहत होतं. एका घरातला एक भाऊ पलटणीत आणि दुसरा भूमिगत, अशी घरं होती. मणिपूरच्या त्याच आघाडीवर समोरच्या बाजूला आझाद हिंद सेना होती. १४ एप्रिल १९४४ला मोइरांगला तिरंगा लागला. तात्या ज्या बाजूनं लढत होते ती बाजू तिरंगा रोखणारी होती. मग आज त्यांना आपण काय म्हणायचं? हुतात्मा? कशासाठी हुतात्मा? आपल्या देशानं या प्रश्नाला न बोलता उत्तर दिलेलं आहे. इंडिया गेट पहिल्या महायुद्धाचं आणि अफगाण लढाईचं. त्याच्या मागचं राष्ट्रीय युद्ध स्मारक २०१९ साली झालं, पंचवीस हजार नऊशेवर नावं, सगळी स्वातंत्र्यानंतरची. आर. के. पुरमहून जवळ ब्रार स्क्वेअरला वॉर सिमेट्री आहे. तिथल्या स्मारकाच्या वहीत पंचवीस हजारांवर हिंदी नावं आहेत, पण ती आघाडीपासून दूर, सेवेत असताना वारलेल्यांची. १९४४ साली आघाडीवर पडलेल्या माणसाला राजधानीत कुठे उभं राहायला जागा नाही. हा विसर नाही, अगं. संकोच आहे. आणि तो संकोच मला सर्वस्वी चूक वाटत नाही.

पुतणी : संकोच समजतो. पण त्याची किंमत कोण देतं ते पाहा. धोरण ठरवणारे नाही देत, तात्याआजोबा देतात. ते कुठल्या बाजूनं लढले हे त्यांनी ठरवलं नव्हतं, कुठल्या डोंगरावर मरायचं हेही नाही. मी त्यांना हुतात्मा म्हणायला निघालेली नाही. मी म्हणते, त्यांच्याविषयी जे खरं आहे ते आपल्याला ठाऊक असावं. गौरव करायचा की नाही हे नंतरचं. आणि स्वतंत्र भारताला हा संकोच सुरुवातीला नव्हताच. फाळणीनं सगळं वाटलं गेलं, टेबल-खुर्च्यासुद्धा, पण दुसऱ्या महायुद्धाचा इतिहास भारत आणि पाकिस्ताननं एका संयुक्त विभागाकडून लिहून घेतला, बिशेश्वर प्रसादांच्या संपादनाखाली. आर. के. पुरमचा इतिहास विभाग त्याच कामाचा वारस. म्हणजे दोन नव्या देशांनी, एकमेकांशी लढत असताना, एवढं मान्य केलं होतं की ही माणसं आमची होती.

दुसऱ्यांकडेही बघा. जपान ते युद्ध हरला, त्या युद्धाचं ओझं त्यांच्यावर आपल्याहून कितीतरी जास्त. तरी आपल्या मृतांचे अवशेष शोधून आणणं ही सरकारची जबाबदारी आहे असा कायदा त्यांनी २०१६ साली केला. इंफाळला शांतता संग्रहालय झालं त्यातही त्यांचा हात आहे. ईशान्य भारतातल्या डोंगरांत पडलेल्या विमानांतल्या चारशेच्या आसपास वैमानिकांचा शोध अमेरिका अजून घेते, गांधीनगरच्या न्यायवैद्यक विद्यापीठाशी त्यासाठी करार केलेला आहे. आपल्याच मातीत परक्या देशांची माणसं आपापले पूर्वज शोधतात, आणि आपण म्हणायचं की आपल्याकडे रीत नाही?

काका : अमेरिकेला विमानाचा सांगाडा सापडतो, दात सापडतात, घरच्यांचं रक्त जुळवता येतं. तुला काय सापडणार? फ्रान्समध्ये २०१६ साली रिशबूरजवळ दोन गढवाली शिपायांचे अवशेष निघाले. खांद्यावरच्या खुणांवरून पलटण कळली. सन्मानानं दफन झालं, सरकारी माणसं गेली, बिगूल वाजला. नावं मात्र कळली नाहीत. प्रत्यक्ष हाडं हाती येऊनही नाव लागत नाही, आणि तुझ्याकडे तर हाडंही नाहीत.

आणि तू ज्याला ‘आपली माती’ म्हणतेस, ती कुणाची? सांगशाक हे तांगखुल नागांचं गाव. त्यांनी युद्ध मागितलं नव्हतं. त्यांच्या माथ्यावर, त्यांच्या चर्चभोवती, दोन परक्या फौजा लढल्या, घरं जळाली, आणि नंतर त्याच कातळात त्यांनी पुन्हा गाव बसवलं. आज ती रणभूमी नाही. तिथं लोक राहतात, पोरं शाळेत जातात. आधी इंग्रज आले आपली माणसं शोधत, मग जपानी आले, आता मराठे येणार. त्या गावात किती मेले हे विचारायला कुणी आलं का? तू जाशील तर हे विचारशील का? नुसती मूठभर माती डबीत घालून आणणार असशील तर जाऊ नकोस. त्या मातीत जपानी आहेत, गुरखे आहेत, पंजाबी मुसलमान आहेत, त्या गावचे पूर्वज आहेत. ती तात्यांची म्हणून आणायचा तुला अधिकार नाही.

पुतणी : हे मी ऐकलं. याला माझ्याकडे पटकन देण्यासारखं उत्तर नाही. माती आणायचा विचार माझ्या मनात होता, खोटं कशाला सांगू. तो मी सोडते. पण जाण्याचा सोडत नाही. तुम्ही ‘जागेची ओढ आपली नव्हे’ म्हणालात, तिथं मला अजून भांडायचं आहे. आपल्या मुलखात वेशीवेशीवर वीरगळ आहेत. नर्मदेच्या काठी रावेरखेडीला पहिल्या बाजीरावांची समाधी आहे, देहाला अग्नी दिलेल्या माणसाची. ते मोहिमेवर गेले, तिथंच वारले, आणि जिथं वारले तिथं मराठी माणूस आजही जातो. नेसरीच्या खिंडीत प्रतापराव गुजर आणि त्यांचे सहा जण कोसळले, ती खिंड आपण जपली. जागा आपल्यालाही लागते, फक्त ती सरदाराची असली की आपल्याला ती आपली रीत वाटते. शिपायाच्या घरातून कुणी निघालं की मग आपल्याला आठवतं, राख पाण्यात सोडतात आणि मागे काही ठेवत नाहीत.

काका : वीरगळ गावात असतो, बरं का. पडलेल्या जागी क्वचित, गावच्या वेशीवर नेहमी. आणि त्यावर नाव नसतं. लढणारा, मग अप्सरा नेतात, मग शिवापुढे बसलेला. गाव ओळखत असे, म्हणून नाव लागत नसे. मला वाटतं आपल्या बोलण्याचा गुंता इथं आहे. तुला तात्यांना तिथून शोधून काढायचं आहे. मला वाटतं ते हरवले असतील तर गावात हरवले. त्यांचं वय किती होतं, ते काय बोलत, तालमीत जात का, हे सांगणारी माणसं असताना आपण विचारून ठेवलं नाही. सांगशाकचा कागद ते परत देणार नाही. पहिल्या युद्धानंतर इंग्रजांनी आपल्याकडच्या गावांत संगमरवरी पाट्या बसवल्या. या गावातून इतके गेले, इतके मेले. आपल्याच साताऱ्यातल्या अपशिंग्यातून गेलेले ४६ जण पहिल्या महायुद्धात मेले, हे सगळ्यांना पाठ आहे. ४६, हे पाठ आहे. नावं किती जणांना पाठ आहेत? हा प्रश्न बसऱ्याचा नाही आणि आर. के. पुरमचाही नाही. घरचा आहे.

पुतणी : मग दोन्ही करू. तुम्ही गावाकडून या, मी कागदाकडून येते. आपल्या गावातून दुसऱ्या युद्धात तात्याआजोबा एकटे गेले नव्हते. आणखी कोण परतलं नाही हे तुम्हाला ठाऊक असेल, निदान कुठल्या घरातलं ते तरी. मी अर्ज एका नावापुरता करणार नाही. ४/५ मराठाची मार्च १९४४ची सगळी डायरी मागते, जोडलेल्या याद्यांसकट. इथं नाही मिळालं तर लंडनला क्यू इथे राष्ट्रीय अभिलेखागारात आग्नेय आशियातल्या पलटणींच्या डायऱ्या आहेत, तिथं विचारते. राव तुलाराम मार्गावर युनायटेड सर्व्हिस इन्स्टिट्यूशन आहे, तिथं हिंदी सैन्याच्या इतिहासावर काम करणारे लोक आहेत. बेळगावला पत्र जाईल. तारीख लागली तर तिथी लागेल. नाही लागली तर नाही लागली, असं लिहून ठेवीन. तोतया उभा करणार नाही, हा शब्द देते. पण सांगशाकला मी जाणार. कशाला, हे तुम्हाला पटेल असं मला आज सांगता येत नाही.

काका : मला पटत नाही, आणि तू गेल्यावरही बहुधा पटणार नाही. तिथं तुला डोंगर दिसेल. तात्या दिसणार नाहीत. एवढं मी खात्रीनं सांगतो.

पण अर्जात नंबर चुकवू नकोस. पेन्शनच्या कागदावरचा शेवटचा आकडा वाळवीनं खाल्लेला आहे, तो तू अंदाजानं लावला आहेस, मी पाहिलं. काकींच्या ट्रंकेत तात्यांची पदकं आहेत. त्या युद्धाची पदकं ब्रिटिश शिपायाला कोरी मिळत, हिंदी शिपायाच्या पदकावर मात्र नंबर, नाव आणि पलटण उमटवून देत. वॉर मेडलच्या कडेवर बघ, इंग्रजी अक्षरं आहेत, बारीक आहेत पण शाबूत आहेत. नंबर तिथून उतरवून घे. आणि आपल्या आळीतल्या दुसऱ्या तीन घरांतही असली पदकं असायची. कुणी मोडीत घातली नसतील तर त्यांचेही नंबर आण. अर्ज चौघांचा कर.